स्केच फुल्ली डिफाइन्ड झालं, तरी पार्ट का मोडतो? कन्स्ट्रेन्ट देण्याचा नेमका क्रम

ड्रॉइंगची नवी रिव्हिजन येते, प्लेटची लांबी 120 वरून 150 होते. डिझायनर कॅड मॉडेलमधला एक आकडा बदलतो आणि फीचर ट्रीमध्ये, म्हणजे पार्ट ज्या पायऱ्यांनी बनला त्यांच्या यादीत, वरपासून खालपर्यंत लाल खुणा उमटतात. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कुठल्याही व्हेंडरच्या डिझाइन विभागात हे नेहमीचं आहे. दोष बहुतेक वेळा अगदी पहिल्या स्केचमध्ये, म्हणजे पार्टचा पाया असलेल्या सपाट आकृतीत, सापडतो. एक तर ते अर्धवट सोडलेलं असतं, नाहीतर रंग बदलावा म्हणून कसंतरी बांधलेलं असतं. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण तो दिसत नाही.

क्लासमध्ये ‘स्केच काळं झालं पाहिजे’, म्हणजे फुल्ली डिफाइन्ड, काहीच मोकळं न उरलेलं, एवढं पक्कं शिकवतात. ते कोणत्या क्रमाने करायचं आणि झाल्यावर तपासायचं कसं, हे मात्र राहून जातं. इथे तोच क्रम दिला आहे, कन्स्ट्रेन्ट म्हणजे रेषा-बिंदूंना बांधणाऱ्या अटी देण्याचा. सॉलिडवर्क्स, फ्यूजन, इन्व्हेंटर, फ्रीकॅड यांपैकी काहीही वापरत असाल तरी तो चालतो. बटणांची जागा बदलते, भूमिती बदलत नाही. सॉलिडवर्क्समध्ये भौमितिक कन्स्ट्रेन्टला ‘रिलेशन’ म्हणतात, एवढं लक्षात ठेवलं की पुढे अडणार नाही.

## तयारी: माऊसला हात लावण्याआधी

ड्रॉइंगवर पेन्सिल चालवा. प्रिंट समोर घ्या आणि तीन गोष्टींवर खूण करा: मापं कुठल्या कडेपासून किंवा सेंटरपासून सुरू होतात, कुठे सममिती आहे, आणि कुठली मापं कंसात आहेत. कंसातलं माप संदर्भापुरतं असतं, ते स्केचमध्ये द्यायचं नसतं. ही एक खूण पुढचा निम्मा त्रास वाचवते.

ओरिजिन, म्हणजे स्केचचा शून्य बिंदू, कुठे बसवायचा ते ठरवा. प्लेट सममित असेल तर ओरिजिन मधोमध. मापं एका मशीन केलेल्या कडेपासून दिली असतील तर त्या कडेवर. शाफ्ट असेल तर अक्षावर, डाव्या फेसपाशी किंवा बेअरिंगच्या शोल्डरपाशी. ‘नंतर हलवू’ म्हणून कुठेतरी सुरू केलेलं स्केच पुढे कधीच हलत नाही, कारण तोवर त्याच्यावर दहा फीचर्स चढलेले असतात.

युनिट तपासा. नवीन फाइल मिलिमीटरमध्ये उघडली आहे ना? इंचात काढलेला पार्ट मिलिमीटर समजला गेला की 25.4 पटीचा गोंधळ होतो, आणि स्केच तरीही व्यवस्थित फुल्ली डिफाइन्ड दिसतं.

प्लेन, म्हणजे ज्या पातळीवर स्केच काढायचं ती, नीट निवडा. आपल्याकडची ड्रॉइंग सहसा फर्स्ट अँगलमध्ये असतात, म्हणजे डावीकडून दिसणारा व्ह्यू उजव्या बाजूला काढलेला असतो. तो उजव्या बाजूचा समजून स्केच केलं तर पार्ट आरशातला निघतो. कन्स्ट्रेन्ट सगळे बरोबर, मापं सगळी बरोबर आणि जॉब भंगारात.

दोन सेटिंग्ज. कन्स्ट्रेन्टच्या छोट्या खुणा स्क्रीनवर दिसतील असं करून ठेवा. बरेच जण गर्दी नको म्हणून त्या बंद करतात आणि मग अंधारात चाचपडतात. दुसरं, ग्रिड स्नॅप बंद करा. ग्रिडवर बसलेला बिंदू जागेवर असल्यासारखा दिसतो, पण त्याला बांधलेलं काहीच नसतं.

## रंग आधी समजून घ्या

सॉलिडवर्क्समध्ये निळं म्हणजे अजून मोकळं, काळं म्हणजे पूर्ण बांधलेलं. लाल किंवा पिवळं दिसलं तर कुठेतरी भांडण आहे. खाली स्टेटस बारवर स्थिती लिहिलेली असते आणि फीचर ट्रीमध्ये अर्धवट स्केचच्या नावाआधी उणे चिन्ह असतं. फ्यूजनमध्येही निळं-काळं चालतं. पूर्ण झालेल्या स्केचच्या आयकॉनवर छोटं कुलूप येतं. इन्व्हेंटर खाली उजवीकडे अजून किती मापं हवीत तो आकडाच दाखवतो. फ्रीकॅडमध्ये पूर्ण बांधलेलं स्केच हिरवं होतं. फ्यूजनमध्ये मात्र हिरवं म्हणजे ‘फिक्स’ केलेलं, आहे त्या जागी गोठवलेलं. दोन सॉफ्टवेअर आलटून-पालटून वापरणारे इथे हमखास फसतात. थीम बदलली की रंगही बदलतात, म्हणून रंगापेक्षा लिहून आलेल्या स्थितीवर भरवसा ठेवा.

## हिशेब: किती बांधायचं ते मोजता येतं

अंदाजाने कन्स्ट्रेन्ट देत बसण्याची गरज नाही. प्रत्येक घटकाला ठरावीक मोकळीक असते, म्हणजे तो इतक्या प्रकारे हलू शकतो. बिंदूला 2, रेषेला 4 (दोन टोकांच्या प्रत्येकी दोन), वर्तुळाला 3 (सेंटरच्या दोन आणि त्रिज्या), कमानीला म्हणजे आर्कला 5 (सेंटरच्या दोन, त्रिज्या आणि दोन्ही टोकांचे कोन).

प्रत्येक कन्स्ट्रेन्ट यातून काही खातो. दोन बिंदू एकत्र आणणारा कोइन्सिडेंट 2 खातो, पण बिंदू रेषेवर बसवला तर 1 च. कॉन्सेंट्रिक (एकच सेंटर) आणि मिडपॉइंट प्रत्येकी 2. हॉरिझॉन्टल (आडवं), व्हर्टिकल (उभं), पॅरलल (समांतर), परपेंडिक्युलर (काटकोनात), टँजंट (स्पर्श), इक्वल (समान) प्रत्येकी 1. दोन बिंदूंची सिमेट्री 2. कुठलंही एक माप 1. उरलेली मोकळीक शून्यावर आली की स्केच पूर्ण.

रोजच्या कामात कोणी वही घेऊन हे मोजत नाही. पण ‘एक माप कमी पडतंय, कुठलं ते कळत नाही’ अशी वेळ आली की हाच हिशेब उत्तर देतो.

## टप्पा 1: ओरिजिनला पहिली गाठ

पुढच्या टप्प्यांसाठी एक साधी माउंटिंग प्लेट घेऊ: 120 × 80, मधे Ø40 चं बोअर, चार कोपऱ्यांजवळ M8 बोल्टसाठी Ø9 ची होल्स, त्यांचं अंतर 90 × 50, कोपऱ्यांना R10, म्हणजे 10 त्रिज्येची गोलाई.

आयत ओरिजिनभोवती काढा. सेंटर रेक्टँगल असेल तर तेच वापरा. नसेल तर साधं आयत काढा, एका कर्णावर कन्स्ट्रक्शन रेषा (फक्त मदतीची, पार्टच्या आकारात न येणारी) टाका आणि तिचा मिडपॉइंट ओरिजिनला जोडा. हिशेब असा: चार रेषा म्हणजे 16, चार कोपरे जुळल्यावर 8 गेले, दोन आडव्या, दोन उभ्या म्हणून आणखी 4, ओरिजिनला बांधल्यावर 2. उरले 2, म्हणजे लांबी आणि रुंदी.

आकार काढताना खऱ्या मापाच्या आसपास काढा. कर्सरशेजारी आकडा दिसतच असतो. 6 मिमीचा आयत काढून त्याला 120 माप दिलं की आतले छोटे घटक उलटेपालटे होतात, रेषा एकमेकींना छेदतात, आणि मग कन्स्ट्रेन्ट चुकला असं वाटत राहतं.

सावध: रेषा काढतानाच सॉफ्टवेअर आपल्या मनाने कन्स्ट्रेन्ट लावत जातं. कर्सर एखाद्या कडेच्या मिडपॉइंटवरून गेला तर बिंदू तिथे चिकटतो, जुन्या रेषेला समांतर गेलात तर पॅरलल लागतं. मुद्दाम 1 अंशाचा उतार द्यायचा असेल तर हमखास हॉरिझॉन्टल बसतं. सॉलिडवर्क्स आणि इन्व्हेंटरमध्ये रेषा काढताना कंट्रोल दाबून धरलं की हे थांबतं. फ्रीकॅडमध्ये ऑटो कन्स्ट्रेन्टची खूण काढता येते.

तपासा: आयताचा एक कोपरा धरून ओढा. आयत लहान-मोठं व्हायला हवं, पण मध्य जागचा हलता कामा नये. मध्य हलला तर ओरिजिनची गाठ बसलेली नाही. ती बसेपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा 2: आधी कन्स्ट्रक्शन रेषा, मग होल्स

चार होल्सना प्रत्येकी दोन अशी आठ मापं देणं ही नवशिक्याची ठरलेली पद्धत. स्केच त्यानेही पूर्ण होतं. पण पिच, म्हणजे होल्समधलं अंतर, बदलला की आठपैकी निम्मी मापं शोधून बदलावी लागतात आणि एखादं राहतंच.

त्याऐवजी आत दुसरं आयत कन्स्ट्रक्शन रेषांनी काढा, तेही ओरिजिनला मधोमध बांधा. चार वर्तुळांची सेंटर्स त्याच्या चार कोपऱ्यांना जोडा. चारही वर्तुळांना इक्वल द्या. आता मापं उरली तीनच: 90, 50 आणि Ø9. मधल्या बोअरचं सेंटर ओरिजिनवर टाकलं की तिथे फक्त Ø40 लागतं. अख्ख्या प्लेटची एकूण मापं सहा: 120, 80, 90, 50, 9, 40. ड्रॉइंगवर R10 सोडून नेमकी हीच छापलेली आहेत, आणि तसंच असायला हवं. स्केचमधल्या मापांची यादी ड्रॉइंगमधल्या मापांच्या यादीशी जुळत नसेल तर कुठेतरी वळसा घेतला आहे.

R10 स्केचमध्ये देऊ नका. स्केचमध्ये फिलेट मारला, म्हणजे कोपरा गोल केला, की मूळ कोपरा जातो आणि त्या कोपऱ्याला बांधलेले कर्णाचे कन्स्ट्रेन्ट लटकतात. एक्स्ट्रूड झाल्यावर, म्हणजे स्केचला जाडी दिल्यावर, उभ्या कडांना फिलेट फीचर द्या. चॅम्फरचंही (तिरक्या कापलेल्या कडेचंही) तसंच.

फ्लँजवर पीसीडीची, म्हणजे एका वर्तुळावर सारख्या अंतराने बसणारी, होल्स असतील तर स्केचमध्ये एकच होल ठेवा: पीसीडीचं कन्स्ट्रक्शन वर्तुळ, होलचं सेंटर त्यावर, आणि सुरुवातीचा कोन. उरलेली होल्स सर्क्युलर पॅटर्नने. सहा वर्तुळं हाताने काढून त्यांच्यात 60 अंशांची मापं टाकण्यात काही शहाणपण नाही.

सावध: टॅप केलेल्या होल्ससाठी होल विझार्ड किंवा होल कमांड वापरत असाल तर तिच्या पोटातही एक स्केच असतं, ज्यात होलच्या जागेचे बिंदू असतात. क्लिक करून होल टाकलं की ते जागेवर दिसतं, पण तो बिंदू मोकळाच असतो. मुख्य स्केच काटेकोर आणि होलचं स्केच वाऱ्यावर, असे पार्ट ढिगाने सापडतात.

## टप्पा 3: भौमितिक कन्स्ट्रेन्ट आधी, मापं शेवटी

सगळ्यात जास्त चुकतो तो हाच क्रम. ओळखीची मापं दिसतात म्हणून आधी ती टाकली जातात आणि मग टँजंट, इक्वल लावायला गेलं की ओव्हर डिफाइन्डची, म्हणजे गरजेपेक्षा जास्त बांधल्याची, पाटी येते. मोकळ्या आकाराला टँजंट सहज बसतो, मापांनी जखडलेल्या आकाराला बसत नाही.

क्रम असा ठेवा. टोकं एकमेकांना जुळली आहेत ना ते पाहा. मग हॉरिझॉन्टल-व्हर्टिकल. मग टँजंट आणि कॉन्सेंट्रिक. त्यानंतर इक्वल आणि सिमेट्री. मापं सर्वांत शेवटी, आणि त्यांतही मोठं माप आधी.

एक स्लॉट, म्हणजे दोन्ही टोकं गोल असलेली लांबट खाच, जवळून पाहू, कारण कन्स्ट्रेन्ट एकमेकांत कसे गुंततात ते यात स्वच्छ दिसतं. दोन रेषा, दोन कमानी. मोकळीक 8 अधिक 10, म्हणजे 18. चार सांधे जुळवले, 8 गेले, उरले 10. चारही सांध्यांना टँजंट, उरले 6. कमानींना इक्वल, उरले 5. डावं सेंटर ओरिजिनवर, उरले 3. दोन्ही सेंटर्स आडव्या ओळीत, उरले 2. आता सेंटर ते सेंटर 40 आणि त्रिज्या 6. संपलं.

आता बरेच जण ‘वरची रेषा आडवीच आहे, देऊन टाकू हॉरिझॉन्टल’ म्हणून एक कन्स्ट्रेन्ट वाढवतात. पण दोन समान कमानी आणि त्यांना स्पर्श करणाऱ्या रेषा म्हटल्यावर त्या रेषा सेंटरच्या ओळीला समांतर असणारच. तुम्ही सांगितलेली गोष्ट आधीच ठरलेली आहे. फ्रीकॅड याला लगेच ‘रिडंडंट’ म्हणून दाखवतं. काही सॉफ्टवेअर अशी पुनरुक्ती मुकाट्याने गिळतात, आणि उद्या स्लॉट 15 अंशांनी तिरका करायचा म्हटलं की तेव्हा अडतात. तोवर तो हॉरिझॉन्टल कोणी लावला हे कोणालाच आठवत नसतं.

फ्रीकॅड वापरणाऱ्यांसाठी एक बारकावा: रेषा आणि कमान यांची दोन *टोकं* निवडून टँजंट द्या. त्यात जोडणीही होते आणि स्पर्शही. आधी कोइन्सिडेंट आणि मग कडा निवडून टँजंट, असं केलं की सॉल्व्हर, म्हणजे कन्स्ट्रेन्टचा हिशेब करणारा भाग, कुरकुरतो.

तपासा: मापं देण्याआधी एकदा सगळं ओढून पाहा. स्लॉट लांब-आखूड व्हायला हवा, जाड-बारीक व्हायला हवा, पण स्लॉटच राहायला हवा. ओढल्यावर तो वाकला, फाटला किंवा त्याचा डमरू झाला तर एक भौमितिक कन्स्ट्रेन्ट राहिला आहे. तो मापाने भरून काढू नका.

## टप्पा 4: मापं देताना साखळी बंद करू नका

टर्निंगचे जॉब करणाऱ्यांनी हा टप्पा दोनदा वाचावा.

शाफ्ट घ्या: दोन्ही टोकांना Ø25, मधे Ø32, एकूण लांबी 150, मधला भाग 110, टोकं प्रत्येकी 20. रिव्हॉल्व्हसाठी, म्हणजे अक्षाभोवती फिरवून घन आकार करण्यासाठी, अर्धा प्रोफाइल काढला की आठ रेषा होतात. सांधे जुळवून, सगळ्या आडव्या-उभ्या करून आणि डावं टोक ओरिजिनवर टाकून 6 मोकळिकी उरतात. दोन्ही Ø25 च्या रेषा एका ओळीत आणल्या, म्हणजे कोलिनिअर केल्या, की 5. म्हणजे मापं पाचच: दोन व्यास, तीन लांब्या.

लांब्या मात्र चार दिसतात: 20, 110, 20, 150. चारही टाकल्या की साखळी बंद होते आणि ओव्हर डिफाइन्ड होतं. कुठली सोडायची? जिचं काम सगळ्यांत कमी ती. बेअरिंग दोन शोल्डरवर (व्यास बदलतो त्या पायऱ्यांवर) बसणार असतील तर 110 पक्कं हवं. एकूण लांबी बाहेरच्या जोडणीला लागत असेल तर 150 हवं. डावं 20 ठेवलं की उजवं 20 आपोआप पडतं. ते दाखवायचंच असेल तर ड्रिव्हन, म्हणजे रेफरन्स माप म्हणून टाका. असं माप आकार हलवत नाही, फक्त वाचून दाखवतं, आणि ड्रॉइंगवर कंसात जातं.

ओव्हर डिफाइन्डची पाटी आली की सॉलिडवर्क्स ‘हे माप ड्रिव्हन करू का’ असं विचारतं. घाईत ‘हो’ म्हणून पुढे गेलात तर *शेवटी* टाकलेलं माप ड्रिव्हन होतं, कमी महत्त्वाचं नव्हे. शेवटी टाकलेलं 110 असेल तर मशीनवरच्या माणसाला सगळ्यात मोलाचं माप कंसात दिसेल.

व्यास देताना: अर्ध्या प्रोफाइलमध्ये त्रिज्या 12.5 टाकत बसू नका. सॉलिडवर्क्समध्ये अक्ष सेंटरलाइन म्हणून काढा, रेषा आणि सेंटरलाइन निवडा आणि कर्सर अक्षाच्या पलीकडे न्या. माप दुप्पट, म्हणजे व्यास होऊन येतं. इन्व्हेंटरमध्येही रेषेला सेंटरलाइनचा प्रकार दिला की व्यास मिळतो. ड्रॉइंगवर जसं आहे तसंच माप मॉडेलमध्ये असलं की तपासणारा चुकत नाही.

टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा कमी-जास्त फरक, मापात मिसळू नका. 25 k6 (k6 हा टॉलरन्सचा प्रकार) असलं तरी स्केचमध्ये 25 च. टॉलरन्स मापाला जोडा, आकड्यात नाही.

## टप्पा 5: एकच मोकळीक उरते, ती शोधायची कशी

सगळं झालं आणि एक रेषा निळीच. इथे माणूस वैतागतो आणि ‘फिक्स’ मारतो. मारू नका, आधी हे करा.

निळा घटक धरून हळू ओढा. तो ज्या दिशेने सरकतो त्या दिशेचं माप किंवा कन्स्ट्रेन्ट राहिला आहे. आडवा सरकला तर आडवं, फिरला तर कोन, फुगला तर त्रिज्या. इन्व्हेंटरमध्ये मोकळिकी बाणांनी दाखवणारा पर्याय आहे. फ्रीकॅडमध्ये सॉल्व्हरच्या संदेशातल्या मोकळिकीच्या आकड्यावर क्लिक केलं की मोकळे घटक स्वतःच निवडले जातात.

काहीच हलताना दिसत नाही आणि तरी पूर्ण होत नाही? मग संशयित ठरलेले आहेत. कन्स्ट्रक्शन रेषेचं लोंबतं टोक: सेंटरलाइन किती लांब ते ठरवलेलं नसतं. आकाराला त्याने फरक पडत नाही, पण स्केच अर्धवट राहतं. तिचं टोक एखाद्या कडेला जोडून टाका. किंवा एकावर एक पडलेल्या दोन रेषा. किंवा ट्रिमनंतर उरलेला अर्ध्या मिलिमीटरचा तुकडा. झूम करून कोपरे पाहा. बाहेरून आत खिडकी ओढून सिलेक्ट केलं की किती घटक निवडले गेले तो आकडाही कामी येतो: चार रेषांच्या आयतात पाच निघाल्या तर एक जास्तीची आहे.

ट्रिमबद्दल वेगळं सांगायला हवं. ट्रिम केल्यावर त्या टोकाचे कन्स्ट्रेन्ट बरेचदा गळतात. प्रत्येक ट्रिमनंतर त्या कोपऱ्यातला कोइन्सिडेंट आणि टँजंट शिल्लक आहे ना ते पाहा. शक्य असेल तिथे ट्रिमच टाळा, प्रोफाइल सुरुवातीपासून सलग काढा.

सावध, ‘फिक्स’ का नको: फिक्सने रंग बदलतो, पण आकडा कुठे लिहिला जात नाही. ती रेषा 43.27 वर गोठली असेल तर 43.27 च राहते, आणि ड्रॉइंगवर ते माप येतच नाही. शिवाय सॉलिडवर्क्समध्ये फिक्स केलेल्या रेषेची टोकं त्याच रेषेवर सरकू शकतात. म्हणजे तीही पूर्ण बांधली जात नाही. स्केच आपोआप पूर्ण करणारी कमांडही जपून. ती सगळं काळं करते खरं, पण मापं तिच्या सोयीची टाकते. तिचा एक चांगला उपयोग म्हणजे चालवून पाहायची, कुठे माप टाकलं ते बघायचं, अनडू करायचं आणि आपलं माप द्यायचं.

## टप्पा 6: लाल झालं तर

पहिला उपाय अनडू. शेवटचं जे दिलं त्यानेच भांडण लागलं असेल तर दुसरं काही शोधायला नको.

दुसऱ्याचं स्केच हाती आलं असेल तर कन्स्ट्रेन्टची यादी उघडा. सॉलिडवर्क्समध्ये डिस्प्ले-डिलीट रिलेशन्स, फ्रीकॅडमध्ये डावीकडची कन्स्ट्रेन्टची यादी. आधी बाहेरच्या संदर्भांकडे पाहा: एखादी कड दुसऱ्या फीचरवरून घेतली असेल आणि ते फीचर बदललं असेल तर ती गाठ तुटलेली असते. मग पुनरुक्तीकडे: पॅरलल आणि हॉरिझॉन्टल दोन्ही, परपेंडिक्युलर आणि व्हर्टिकल दोन्ही. काढायचा तो भौमितिक कन्स्ट्रेन्टच. ड्रॉइंगवर छापलेलं माप काढून भांडण मिटवणं म्हणजे आजाराऐवजी रोग्यालाच घालवणं.

एका वेळी एकच काढा आणि स्थिती पाहा. पाच एकदम काढले की कोणामुळे सुटलं ते कळत नाही आणि चार परत द्यावे लागतात.

## टप्पा 7: आकडे बदलून पाहा

स्केच पूर्ण झालं, आता त्याला त्रास द्या. लेखाच्या सुरुवातीचा अपघात टळतो तो याच टप्प्यावर, आणि वगळला जातो तोही हाच.

प्लेटची लांबी 120 ची 150 करा. होल्सचा पिच 90 च राहिला. हे तुम्हाला हवं होतं का? समोरच्या पार्टची होल्स ठरलेली असतील तर हो, पिचच पक्का हवा. आता 100 करा. होलचं सेंटर कडेपासून 5 मिमीवर आलं, होलची त्रिज्या 4.5, म्हणजे भिंत उरली अर्धा मिलिमीटर. होल्स ‘कडेपासून 15’ असायला हवी होती, असा मूळ हेतू असेल तर 90 आणि 50 काढून आतल्या आयतापासून कडेपर्यंत 15 आणि 15 ही मापं द्या. मापांची संख्या तितकीच, वागणं संपूर्ण वेगळं. दोन्ही स्केच फुल्ली डिफाइन्डच म्हणवतात. बरोबर कुठलं ते सॉफ्टवेअर सांगू शकत नाही, ड्रॉइंग आणि जोडणी सांगते.

प्रत्येक मुख्य माप एकदा वाढवा, एकदा कमी करा, मग मूळ आकड्यावर आणा. आकार उलटला किंवा एखादी कमान दुसऱ्या बाजूला गेली तर तिथे माप दोन बाजूंनी खरं ठरतंय. ती जागा भौमितिक कन्स्ट्रेन्टने बांधा.

तपासा: फुल्ली डिफाइन्ड म्हणजे बंद प्रोफाइल नव्हे. दोन टोकांत 0.01 मिमीची फट असेल आणि दोन्ही टोकं मापाने पक्की असतील तरी स्केच काळंच दिसतं, एक्स्ट्रूड मात्र होत नाही किंवा पातळ भिंतीसारखं होतं. आतला भाग रंगवून दाखवण्याची सोय चालू ठेवा. रंग भरला नाही तर फट आहे. फ्रीकॅडमध्ये व्हॅलिडेट स्केच ही कमांड न जुळलेली टोकं शोधून देते.

## टप्पा 8: मापांना नावं

‘डी1’, ‘डी7’ असली नावं महिन्याभराने कोणालाच कळत नाहीत. निदान पाच-सहा मुख्य मापांना नावं द्या: लांबी, पिच, बोअर. फ्यूजनमध्ये पॅरामीटर्सच्या खिडकीत, फ्रीकॅडमध्ये कन्स्ट्रेन्टच्या यादीत, सॉलिडवर्क्समध्ये मापावर क्लिक केल्यावर डावीकडच्या पॅनलमध्ये हे करता येतं. एक माप दुसऱ्यावर अवलंबून असेल तर सूत्र लिहा. पण सूत्रांचा सोस नको. ‘लांबी वजा 30’ ठीक, सहा सूत्रांची साखळी नको.

## आयात केलेली डीएक्सएफ: इथे नियम वेगळे

ग्राहकाकडून आलेल्या डीएक्सएफमध्ये, म्हणजे एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायच्या ड्रॉइंगच्या फाइलमध्ये, सहसा एकही कन्स्ट्रेन्ट नसतो. शेकडो रेषांचा तो गठ्ठा बांधत बसू नका. आधी एक ओळखीचं माप मोजून स्केल बरोबर आहे ना ते पाहा. मग पार्ट पुढे बदलत जाणार असेल तर डीएक्सएफ खाली ठेवून वरून नवं स्केच काढा, वरच्या क्रमाने. मापं मोजून घेताना 59.998 आलं तर 60 घ्या, पण 59.5 आलं तर विचारा.

जो आकार कधीच बदलणार नाही, म्हणजे लोगो, अक्षरं किंवा स्कॅनवरून ट्रेस केलेली स्प्लाइन (वळणावळणाची वक्र रेषा), तिथे फिक्स किंवा फ्रीकॅडमधला ब्लॉक कन्स्ट्रेन्ट बिनदिक्कत वापरा. फक्त तो वेगळ्या स्केचमध्ये ठेवा आणि त्या स्केचला तसं नाव द्या. लेझर कटिंगला फाइल पाठवायची असेल तर पाठवण्याआधी कन्स्ट्रक्शन रेषा एक्स्पोर्टमध्ये आल्या नाहीत ना, एकावर एक रेषा नाहीत ना, एवढं पाहून घ्या. दुहेरी रेषेवर मशीन दोनदा कापत जातं आणि कड जळते.